निकाल-पद्धती आणि मागे राहिलेले मूल : महाराष्ट्रातील प्रमाणित चाचण्यांच्या धोरणाची चिकित्सा

प्रस्तावना :

शाळेतील परीक्षा दोन हेतूंनी घेतली जाते. मुलाला काय येते व काय येत नाही हे शिक्षकाला कळावे, हा पहिला हेतू; आणि मूल, शिक्षक व शाळा यांच्याविषयी शासनाला काही निर्णय घेता यावा, हा दुसरा. पहिल्या हेतूने घेतलेली परीक्षा निदान करते, दुसऱ्या हेतूने घेतलेली निवाडा करते. महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणात २०१० पासून मूल्यमापनाचे धोरण अनेकदा बदलले. या बदलांत ही दोन्ही कामे एकाच प्रश्नपत्रिकेकडून करवून घेण्याची प्रवृत्ती दिसून येते. तिचा भार अभ्यासात मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांवर आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांवर पडतो. प्रस्तुत लेखात या धोरणाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

निकाल-पद्धतीचा पूर्वेतिहास :

मुलांच्या परीक्षेतील यशावरून शाळेचे मोल ठरवण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान वाचन, लेखन व अंकगणित यांतील प्रत्येक मुलाच्या परीक्षेशी जोडले. मूल नापास झाले की अनुदान कमी होत असे. परिणामी मुलांकडून वाचनाचे पुस्तकच पाठ करून घेतले जाऊ लागले. कवी आणि शाळा-निरीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती मोडीत निघाली.

हीच पद्धत मुंबई इलाख्यातही अनुदानाच्या नियमांतून आली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी तिचा स्वतंत्र परामर्श घेतला आहे. ज्या समाजात शिक्षणाची गोडी अद्याप निर्माण झालेली नाही, तेथे निकाल-पद्धती शिक्षणप्रसाराला मुळीच उपयोगी नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यामागचे कारणही त्यांनी दिले आहे. या पद्धतीत शिक्षकाचा चरितार्थच चालणार नाही. म्हणून अशा वर्गांत शाळा काढण्यास कोणी पुढे येणार नाही. आयोगाने प्राथमिक शाळांचे अनुदान मुख्यतः निकालावर ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. मात्र मागासलेल्या भागांतील शाळांसाठी अपवादाची वाट मोकळी ठेवली.

फुल्यांच्या या युक्तिवादाचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. परीक्षा सर्वांना सारखी असली तरी ती देणाऱ्यांची सुरुवात सारखी नसते. ज्या मुलांना शिकवणे सर्वांत कष्टाचे, त्यांना शिकवणाऱ्याच्या पदरी सर्वांत कमी फळ पडते. आजच्या धोरणाचे परीक्षणही याच कसोटीवर करणे उचित ठरते.

नापास न करण्यापासून वार्षिक परीक्षेपर्यंत :

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास त्याच वर्गात मागे ठेवता येत नव्हते. कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची तरतूद होती. महाराष्ट्राने २०१० मध्येच ही पद्धत स्वीकारली. आकारिक व संकलित अशा दोन भागांत मूल्यमापन होऊन श्रेणी व वर्णनात्मक नोंदी देण्यात येऊ लागल्या.

२०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि त्यासोबत राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर घेतली जाणारी पायाभूत चाचणी आली. शाळा ‘प्रगत’ घोषित करण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली. २०२३-२४ पासून ‘स्टार्स’ प्रकल्पांतर्गत तिसरी ते आठवीसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचणी सुरू झाली. मुलांची अध्ययनस्थिती समजून घेऊन पुढील कृती ठरवणे, हा तिचा घोषित हेतू होता.

दरम्यान, २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६ चे स्वरूप पालटले. पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा, अनुत्तीर्ण बालकास अतिरिक्त अध्यापन, निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा आणि त्यानंतर मागे ठेवण्याची राज्यांना मुभा, अशी नवी रचना झाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून ती स्वीकारली आणि २०२३-२४ या वर्षापासून तिची अंमलबजावणी केली.

काठावरची मुले आणि तळाची मुले :

निकाल हा उत्तीर्णांच्या संख्येत मोजला जातो तेव्हा शिक्षकाच्या श्रमांची विभागणी बदलते. पाचवीच्या परीक्षेत ५० पैकी १८ गुण ही उत्तीर्णतेची रेषा आहे. समजा, एका वर्गातील एक मूल १६ गुणांवर आहे व दुसरे ४ गुणांवर. पहिल्याला पंधरा दिवसांच्या सरावाने रेषेपलीकडे नेता येते. दुसऱ्याला आधी अक्षर-ओळख, मग जोडाक्षरे, मग वाक्य असा दीर्घ मार्ग चालवावा लागतो. त्याने वर्षभरात ४ वरून १४ गुणांपर्यंत मजल मारली तरी निकालपत्रकात त्याची नोंद ‘अनुत्तीर्ण’ अशीच होते. शैक्षणिकदृष्ट्या ही प्रगती पहिल्या मुलाच्या दोन गुणांहून कितीतरी मोठी आहे. परंतु तिला टक्केवारीत स्थान नाही.

अमेरिकेत याचा अनुभव आधीच आला होता. ८ जानेवारी २००२ रोजी स्वाक्षरी झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवीत दरवर्षी वाचन व गणिताच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आणि २०१४ पर्यंत सर्व मुले प्रवीण करण्याचे लक्ष्य ठेवले. टेक्सासमधील एका प्राथमिक शाळेचा अभ्यास करून जेनिफर बूहर-जेनिंग्स यांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की तेथे मुलांचे सुरक्षित, काठावरची आणि आशा नसलेली असे गट पाडले जात होते. साधनसामग्री व वेळ मुख्यतः काठावरच्या मुलांकडे वळवला जाई. कोणतेही मूल मागे राहू नये, या घोषणेखालीच तळाची मुले मागे सोडली गेली. हा कायदा डिसेंबर २०१५ मध्ये बदलण्यात आला.

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत हीच वृत्ती वेगळ्या रूपात परिचित आहे. दहावीचा निकाल बिघडू नये म्हणून कच्च्या विद्यार्थ्याला नववीतच रोखणे, किंवा १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या बसण्याचा सल्ला देणे, यात शाळेचा निकाल सुधारतो, विद्यार्थी मात्र शाळेबाहेर जातो. आठवीची परीक्षा निर्णायक झाल्याने ही गाळणी एक पायरी खाली सरकण्याचा धोका आहे.

तळाची मुले कोण, हेही पाहिले पाहिजे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले दसरा-दिवाळीनंतर पालकांसोबत कारखान्यांच्या परिसरात जातात. हंगामी वसतिगृहे व शिक्षण हमी कार्ड या योजना असूनही त्यांचे वर्ष मध्येच तुटते. मेळघाटातील कोरकू, नंदुरबारमधील भिल्ली बोली किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील प्रश्नपत्रिका ही आधी भाषेची परीक्षा असते, विषयाची नंतर. हंटर आयोगाने मागासलेल्या भागांसाठी अपवाद सुचवला होता. आजची उत्तीर्णतेची रेषा मात्र सर्वत्र एकच आहे.

शिक्षकाची कोंडी :

शिक्षकावर या धोरणाचा परिणाम तीन प्रकारे होतो. पहिला वेळेचा. प्रश्नपत्रिका स्वीकारणे, वाटणे, तपासणे, गुणतक्ते भरणे आणि ते विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर नोंदवणे ही कामे अध्यापनाच्या तासांतूनच करावी लागतात. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक नोंदीत गुंतला की दोन-तीन वर्ग दुसऱ्यावर पडतात.

दुसरा परिणाम विश्वासाचा. प्रश्नपत्रिका व वेळापत्रक वरून आले की शिक्षक हा परीक्षक न राहता केवळ वितरक होतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्यभर एकाच वेळापत्रकाने परीक्षा घेण्याचा निर्णय झाला. त्या वेळी उन्हाळा आणि निकाल तयार करण्यास उरणारा अपुरा अवधी यांविषयी शिक्षकांनी आक्षेप नोंदवले होते.

तिसरा परिणाम सत्याचा, आणि तो सर्वांत गंभीर होय. मुलाचे खरे गुण कळवले तर खुलासा द्यावा लागेल, अशी धास्ती असेल तर गुण सौम्य होतात. अटलांटा येथे २०११ च्या चौकशीत ४४ शाळांतील १७८ शिक्षक-अधिकाऱ्यांवर चाचण्यांतील गैरप्रकारांचा ठपका आला आणि २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. हा प्रकार टोकाचा खरा. परंतु त्यामागील यंत्रणा सर्वत्र सारखीच आहे. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात मांडलेला सिद्धान्त असा, की एखादा आकडा निर्णयासाठी जितका अधिक वापरला जाईल, तितका तो भ्रष्ट होईल आणि ज्या प्रक्रियेचे मापन करायचे तिलाही भ्रष्ट करील. खोट्या गुणांनी पहिले नुकसान मागे राहिलेल्या मुलाचे होते. कारण त्याची अडचण कागदावरून नाहीशी होते.

अतिरिक्त अध्यापन केव्हा करायचे? :

२०१९ च्या दुरुस्तीतील सर्वांत मानवी तरतूद अतिरिक्त अध्यापनाची आहे. आणि व्यवहारात सर्वांत दुबळीही तीच आहे. महाराष्ट्रात वार्षिक निकाल साधारणतः मे महिन्याच्या आरंभी लागतो, त्यानंतर उन्हाळी सुटी सुरू होते आणि जूनमध्ये पुनर्परीक्षा येते. म्हणजे अतिरिक्त अध्यापनाचा काळ नेमका शाळा बंद असण्याचा काळ आहे. पाच वर्षांत जे साधले नाही ते सुटीतल्या काही आठवड्यांत साधावे, ही अपेक्षा अवास्तव होय. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात, त्याच पुस्तकापुढे पुन्हा बसते. ज्याला दुसरीचे वाचन येत नाही त्याला पाचवीचे पुस्तक दुसऱ्यांदा दिल्याने वाचन येत नाही.

विरोधी मताचा विचार :

नापास न करण्याच्या धोरणाचे समर्थन आंधळेपणाने करता येणार नाही. ‘ढकलपास’ हा लोकांनी दिलेला शब्द निराधार नव्हता. सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या नोंदी अनेक ठिकाणी ठरावीक वाक्यांच्या नकला झाल्या. २००५ पासून प्रसिद्ध होणाऱ्या ‘असर’ अहवालांनी पाचवीतील अनेक मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत नसल्याचे सातत्याने दाखवले. गीता भुक्कल समितीने २०१४ मध्ये हे धोरण टप्प्याटप्प्याने मागे घेण्याची शिफारस केली, ती याच पार्श्वभूमीवर. गरीब पालकाला आपले मूल कोठे आहे हे कळण्याचे दुसरे साधन नसते, हाही आक्षेप रास्त आहे.

परंतु या आक्षेपांतून निष्पन्न होते ते निदानाची गरज, निवाड्याची नव्हे. ‘असर’मधील वाचनचाचणी अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट अशा चार पायऱ्यांची, तोंडी आणि काही मिनिटांत होणारी आहे. अशी चाचणी शिक्षकाने घेतली तर दुसऱ्याच दिवशी स्तरनिहाय गट करता येतात. तिच्यात कोणी नापास होत नाही, म्हणूनच ती खरे बोलते.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) निदानासाठीची चाचणी आणि निर्णयासाठीची परीक्षा यांची पूर्ण फारकत असावी. पहिलीचे गुण शाळेच्या क्रमवारीसाठी वा शिक्षकाच्या खुलाशासाठी वापरू नयेत.

२) शाळेचे मोल उत्तीर्णांच्या टक्केवारीवर न ठरवता प्रत्येक मुलाने गाठलेल्या अंतरावर ठरवावे.

३) अतिरिक्त अध्यापन निकालानंतर नव्हे, तर जुलैपासूनच शालेय वेळापत्रकात असावे व त्यासाठी शिक्षक उपलब्ध व्हावेत.

४) स्थलांतरित व अन्य बोलीभाषक मुलांसाठी अपवादाची तरतूद नियमांतच असावी.

अधिनियमाच्या कलम २४ ने प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता तपासून त्यानुसार जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य मानले आहे. ते पार पाडण्यास लागणारा वेळच चाचणीच्या नोंदींत खर्च होत असेल, तर दोष शिक्षकाचा मानता येत नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये निकाल-पद्धतीऐवजी शासनाच्या शाळा आणि विशेष उत्तेजन यांची मागणी केली होती. मागे राहिलेल्या मुलाच्या बाबतीत ती मागणी अद्याप पूर्ण झालेली नाही.