वही कोणासाठी? : नवलेखकाच्या दिशेचा प्रश्न

दलित साहित्याच्या समीक्षेने ‘का लिहायचे’ या प्रश्नाची भरपूर चर्चा केली आहे. वेदना, नकार, विद्रोह, बांधिलकी या शब्दांभोवती आपण अर्धशतक वाद घातले. ते वाद आवश्यकच होते. पण आज जो पहिल्यांदा लिहायला बसला आहे त्याचा प्रश्न याहून साधा, आणि म्हणूनच अधिक अवघड असतो : मी माझे म्हणून काय लिहू? माझ्या वर्गातली मुलेमुली हा प्रश्न घेऊन येतात. कोणी वहीत लिहितो, कोणी मोबाइलवर. आठ-दहा पाने होतात आणि लेखन अडते. या अडण्याचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधणे मला चुकीचे वाटते. दिशेचा प्रश्न हा वाङ्मयीन तितकाच सामाजिक आहे.

या मुलांना तयार उत्तरे पुष्कळ मिळतात. पांढरपेशी वाङ्मयीन जाणीव सांगते, ‘मनात येईल ते मोकळेपणाने लिही.’ चळवळीतला कार्यकर्ता सांगतो, ‘समाजासाठी लिही.’ अलीकडे तिसरे उत्तर ऐकू येते, ‘तुझी कहाणी लिही, लोकांना ती आवडते.’ पहिल्या उत्तरात समाज नाही, दुसऱ्यात लिहिणारा नाही आणि तिसऱ्यात दोघेही विकायला काढलेले आहेत. यांपैकी तिसरे उत्तर सर्वांत घातक, कारण ते कौतुकाच्या रूपाने येते.

त्याचा परिणाम मी जवळून पाहतो. वडील एस. टी.त कारकून, दोन खोल्यांचे घर, आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलेले. असा मुलगा लिहायला बसला की कागदावर गळके छप्पर आणि शिळी भाकरी उतरते. हा अनुभव त्याच्या आजोबांचा. त्याचा स्वतःचा अनुभव वेगळा आहे. खोली भाड्याने घेताना तीनदा विचारलेले आडनाव, गुणपत्रिका पाहून ‘कोट्यातला का?’ म्हणणारा सोबती, घरच्यांना न समजणारी आपली भाषा. एका विद्यार्थ्याने मला सरळ विचारले, ‘सर, आमच्या घरी कोणी उपाशी नव्हतं. मग मी काय लिहू?’ या प्रश्नात आपल्या समीक्षेचाही पराभव आहे. आपण दलित अनुभवाचा एक साचा नकळत मान्य केला आणि जे त्यात बसत नाही ते लिहिण्याजोगे नाही, असा समज नव्या पिढीत रुजू दिला.

वास्तविक आपल्या परंपरेने असा साचा कधीच दिलेला नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला तेव्हा बाबासाहेब २८ वर्षांचे होते आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. ‘मनोगत’ हा पहिला अग्रलेख मात्र बाबासाहेबांचा. नवलेखकाने तो एका विशिष्ट दृष्टीने वाचावा. त्यात संताप आहेच; पण त्याबरोबर एक शांत हिशेब आहे. त्या वेळची पत्रे कोणाच्या हिताचे बोलतात, ब्राह्मणेतरांच्या पत्रांत बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते तरी तिला पुरेशी जागा का मिळत नाही, हे नावे घेऊन तपासले आहे. म्हणजे ‘मला काय वाटते’ याच्या जोडीला ‘काय लिहिले जात नाही’ हा प्रश्न तिथे आला. दिशा सापडते ती या रिकाम्या जागेत. सिडनहॅममधल्या प्राध्यापकाच्या हाती केवळ वैयक्तिक अपमानांची यादी नव्हती असे कोण म्हणेल? पण त्या यादीला त्यांनी सार्वजनिक प्रश्नाचे रूप दिले.

दुसरे उदाहरण दया पवारांच्या ‘बलुतं’चे (१९७८). त्यातला शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आपल्यातल्याच दगडूचे बोलणे ऐकतो. ही केवळ निवेदनाची युक्ती नव्हे. पहिल्या पिढीच्या शिक्षिताची ती खरी अवस्था आहे. लिहिणारा एक आणि जगलेला दुसरा, आणि दोघांत अंतर. हे अंतर लपवले की लेखन खोटे पडते. मान्य केले की त्यातूनच रूप सापडते. माधव कोंडविलकरांच्या ‘मुक्काम पोस्ट : देवाचे गोठणे’ने (१९७९) दैनंदिनीचे रूप घेतले. दैनंदिनीत शेवट आधी ठाऊक नसतो. आजचे आज लिहावे लागते. ज्याला दिशा सापडत नाही त्याने हे पुस्तक जरूर वाचावे; तारखांच्या साध्या ओळीतूनही जातिव्यवस्था कशी उघडी पडते ते कळेल.

आणि बेबीताई कांबळे. फलटणला किराणा मालाचे छोटे दुकान चालवणाऱ्या या बाईंनी माल बांधायला आणलेली रद्दी वाचली, लिहिले, आणि ते लेखन वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. पुढे ते ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपाने आले. शीर्षकात ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे. पण या ‘आमुचं’ने समाजाची खोटी भलावण केली नाही. जातीने दिलेले दुःख ज्या स्पष्टपणे सांगितले, त्याच स्पष्टपणे घरातल्या पुरुषाने बाईला दिलेले दुःखही सांगितले. ‘समाजासाठी लिही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेतले पाहिजे. बांधिलकी म्हणजे आपल्यांना न दुखावण्याचा करार नव्हे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. घरचे, वस्तीतले वास्तव चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार लेखकाला कोणी दिला? ‘बलुतं’ आले तेव्हाही आपल्यातल्या काही शिकलेल्या वाचकांना ते रुचले नव्हते. माझी आई निरक्षर आहे. तिच्याविषयी लिहिलेले ती वाचू शकणार नाही. ते मलाच तिला वाचून दाखवावे लागेल. माझ्या मते कसोटी इथे आहे. तिची संमती मिळेलच असे नाही. कधी ती रागावेल, रडेल. पण तिच्यासमोर बसून ते वाक्य वाचण्याची तयारी आहे का? नसेल, तर ते भीतीमुळे की ते वाक्य परक्या वाचकाची दया मिळवण्यासाठी लिहिले गेले म्हणून? भीती असेल तर बेबीताईंप्रमाणे वही काही काळ लपवावी. ज्या घरात बाईने लिहिणे हाच गुन्हा, तिथे लपवणे ही सत्याची अट असते. पण दयेसाठी असेल तर ते वाक्य खोडावे.

म्हणून नव्याने लिहिणाऱ्याला मी विषय सुचवत नाही, तीन प्रश्न देतो. माझ्या भोवतीचे कोणते जगणे अजून कोणी लिहिलेले नाही? ते जगणारा आणि लिहिणारा मी, यांत अंतर किती? आणि हे मी कोणाच्या तोंडावर वाचून दाखवू शकतो? वसतिगृहाची खानावळ, शिष्यवृत्तीच्या अर्जाची खेप, कंत्राटी नोकरीचा अकरा महिन्यांचा करार, बहिणीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज, यांतले काहीही या प्रश्नांतून गेले तर साहित्य होऊ शकते.

आपल्या नियतकालिकांचीही एक जबाबदारी आहे. नवलेखकाकडून आपण पुन्हा पुन्हा तेच दुःख मागत राहिलो, तर ज्या बाजाराला आपण नावे ठेवतो त्याचेच दलाल होऊ. ज्याच्या आजोबांनी उपासमार सोसली त्याला आज आडनावाचा अपमान लिहू द्या. भुकेचे साहित्य त्याच्या आधीच्यांनी लिहिले, ते त्याला पोटभर जेवून वही उघडता यावी म्हणूनच.