स्वस्त ऑसिलोस्कोप आणि लालबागची रोषणाई

गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासूनचा आणि लालबागचा राजा १९३४ पासूनचा. या दोन मंडळांमुळे लालबागला गर्दी होते हे सर्वांना ठाऊक आहे. त्या गर्दीमागे, मांडवाच्या आडोशाला बसून, रोषणाईच्या माळा जोडणारी, कंट्रोलरचे खोके उघडणारी, जळलेला ट्रायॅक बदलणारी मुले मात्र फारशी कोणाच्या नजरेस पडत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सचे पहिले धडे त्यांना शाळेत मिळत नाहीत, मांडवात मिळतात. दिवा लागला की जोडणी बरोबर, नाही लागला की चूक, एवढाच त्यांच्या हाती निकष असतो. तारेतून प्रत्यक्ष काय वाहते आहे ते पाहण्याचे साधन म्हणजे ऑसिलोस्कोप, मराठीत दोलनदर्शक. ते पूर्वी महाविद्यालयाच्या कपाटात कुलपात असे. आता संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणारा ऑसिलोस्कोप काही हजार रुपयांत मिळतो. लालबागहून भायखळा-नागपाडा ओलांडून लॅमिंग्टन रोडला गेले की झाले. हे साधन शाळेच्या विज्ञान मंडळाने घ्यावे का आणि घेतल्यास कोणते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

या डबीत पडदा नसतो. आत असतात एक प्रवर्धक, व्होल्टेजचे अंकांत रूपांतर करणारी चकती (एडीसी) आणि ते अंक संगणकाकडे पाठवणारा भाग. पडद्यावर दिसणारी रेषा संगणक काढतो. जुन्या सीआरओमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत तरंगाबरोबर खरोखरच वरखाली होत असे. येथे ठरावीक क्षणांना घेतलेले नमुने असतात आणि मधल्या जागा संगणक भरून काढतो. विद्यार्थ्याला हा फरक आधी सांगितला पाहिजे, कारण या साधनांचे बहुतेक गुणदोष त्यातूनच निघतात.

शौकीन लोकांत चांगली परिचित असलेली डबी म्हणजे हॅनटेक ६०२२ बीई. दोन वाहिन्या, २० मेगाहर्ट्झ, सेकंदाला ४ कोटी ८० लाख नमुने आणि ८ बिट, असे तिचे वर्णन केले जाते. आकडे खोटे नाहीत, पण ते कसे वाचायचे हे वेष्टनावर लिहिलेले नसते. २० मेगाहर्ट्झ ही प्रवर्धकाची क्षमता झाली. त्या वारंवारतेच्या एका आवर्तनात अडीच नमुनेही पडत नाहीत. तरंगाचा आकार डोळ्याला विश्वासाने ओळखता यायचा तर आवर्तनात दहाएक नमुने हवेत, म्हणजे कामाची मर्यादा ५ मेगाहर्ट्झच्या आसपास आली. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या. ±५ व्होल्टच्या पट्ट्यात एक पायरी सुमारे ३९ मिलिव्होल्टची होते. ट्रिगरसाठी डबीत वेगळे परिपथ नाही. आलेल्या नमुन्यांतून तो क्षण संगणकातील प्रणाली शोधते, त्यामुळे क्वचित घडणारी एखादी टोकदार स्पंदने निसटू शकतात.

दुसरे साधन आपल्याकडचे आहे. नवी दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने २००४ मध्ये ‘फिनिक्स’ प्रकल्प सुरू केला. त्यातून पुढे ‘एक्सपआइज’ ही मालिका निघाली. तिची रचना आणि प्रणाली दोन्ही सर्वांना खुली आहेत. एक्सपआइज-१७ सेकंदाला जास्तीत जास्त १० लाख नमुने घेते. हॅनटेकपुढे हा वेग अगदीच तोकडा दिसतो. मात्र नमुना १२ बिटांचा असल्याने ±१६ व्होल्टच्या पट्ट्यातही एक पायरी ८ मिलिव्होल्टहून कमी भरते. शिवाय ऑसिलोस्कोपबरोबर ५ हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झचा तरंगजनक, बदलता येणारे व्होल्टेज आणि सूक्ष्म वेळ मोजण्याची सोय त्याच डबीत आहे. संधारित्राचे विसर्जन, डायोडचा आलेख, ध्वनीचा वेग, पडत्या गोळीवरून गुरुत्वत्वरण हे प्रयोग वेगळे उपकरण न घेता होतात. तारा स्क्रूखाली आवळायच्या असतात. वर्गात घाईच्या वेळी हे फार कंटाळवाणे होते, हा दोष आम्ही लहान मानत नाही.

या दोघांतला खरा फरक लालबागच्याच एका उदाहरणाने दाखवता येतो. हल्ली सजावटीत ‘पिक्सेल’ एलईडीच्या पट्ट्या वापरतात. प्रत्येक दिव्याला रंग सांगण्यासाठी एकाच तारेवरून २४ बिट जातात, आणि डब्ल्यूएस २८१२ या प्रकारात एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद लागतात. तार ०.४ मायक्रोसेकंद ‘उंच’ राहिली तर शून्य, ०.८ राहिली तर एक. एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, म्हणजे शंभर दिव्यांच्या पट्टीला ३ मिलिसेकंद लागतात. हे गणित आठवीचा विद्यार्थीही करील. आता एक्सपआइजने ही तार पाहिली तर मायक्रोसेकंदाला एकच नमुना मिळतो. शून्य कुठले आणि एक कुठला, काहीच कळत नाही. हॅनटेकला मात्र ०.४ मायक्रोसेकंदात १९ नमुने मिळतात आणि रंगाचा निरोप अक्षरशः वाचता येतो. मांडवातल्या मुलाला ‘पट्टी मधूनच का बिघडते’ याचे उत्तर हवे असेल तर वेगवान डबीला पर्याय नाही.

कमी वेगाचा आणखी एक धोका आहे. भारतमाता चित्रपटगृहात मराठी चित्रपट पाहिलेल्यांनी पडद्यावर गाडीची चाके उलटी फिरताना पाहिली असतील. तोच प्रकार येथे होतो. सेकंदाला १ लाख नमुने घेत असताना ९९ किलोहर्ट्झचा तरंग जोडला, तर पडद्यावर १ किलोहर्ट्झचा सुबक, नितळ तरंग दिसतो. साधन कोणतीही सूचना देत नाही. नमुन्यांचा वेग बदलून पाहावा. चित्र तेवढ्यानेच बदलले, तर ते खोटे आहे. विद्यार्थ्यांना आधी हे फसवे चित्र मुद्दाम दाखवावे आणि मग बाकीचे शिकवावे, असे आम्ही सुचवू.

आता जिवाशी गाठ असलेला मुद्दा. मांडवातल्या मुलाला सर्वांत आधी पाहावासा वाटतो तो २३० व्होल्टचा प्रवाह, डिमरने कापलेला. त्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. हॅनटेकचा पट्टा ±५ व्होल्ट, प्रोब दहापट विभागणारा, म्हणजे ±५० व्होल्टपर्यंत पाहता येते. ३२५ भागिले १० म्हणजे ३२.५. प्रोबला तेवढे व्होल्टेज सोसेल का हा प्रश्न बाजूलाच राहतो, आणि विद्यार्थी म्हणतो, ‘सर, बसतंय की!’ गणित बरोबर आहे आणि कृती घातक आहे. विभागणी होते ती प्रोबच्या टोकाची. काळा चिमटा कशानेही विभागला जात नाही. तो सरळ यूएसबीच्या ग्राउंडला जातो, तेथून संगणकाच्या पत्र्याला, आणि मेजावरच्या संगणकात तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीला. चिमटा फेजला लागला तर तो शॉर्टसर्किटच होय. ‘न्यूट्रलला लावू’ हे उत्तरही खरे नाही. दोन पिनांचा प्लग उलटा बसतो आणि मांडवातल्या तात्पुरत्या जोडणीत फेज कोणती, न्यूट्रल कोणती याचा भरवसा कोणी द्यावा?

यावर एक सल्ला सर्रास दिला जातो, की लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. हा सल्ला आम्हाला अधिक धोक्याचा वाटतो. शॉर्टसर्किट टळते हे खरे. पण मग लॅपटॉपचे ग्राउंड, यूएसबीचे धातूचे तोंड, बाहेरचे स्क्रू हे सगळेच २३० व्होल्टवर येते, फ्यूज उडत नाही, आणि विद्यार्थ्याचा हात कळफलकावर असतो. थेट मेन्सवर चालणाऱ्या रोपलाइटचे आणि माळांचे कंट्रोलरही याच जातीचे. आत ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे त्यातली बारीक दिसणारी तारसुद्धा मेन्सच समजावी. या कामासाठीचे डिफरन्शियल प्रोब मिळतात, पण ते बहुधा डबीहून महाग पडतात. हा इशारा विक्रेत्याने ठळक अक्षरांत छापायला हवा, अशी आमची तक्रार आहे.

मग मेन्स पाहायचाच नाही का? पाहायचा, पण स्पर्श न करता. एक्सपआइजच्या ए-३ या मुखाला हातभर मोकळी तार लावून ती मेजावर ठेवली, तरी भिंतीतल्या तारांचा ५० हर्ट्झ, म्हणजे २० मिलिसेकंदांचे आवर्तन, पडद्यावर उमटते. वर्गातला सर्वांत चकित करणारा प्रयोग हाच. तरंगाचा आकार नीट हवा असेल तर ६ व्होल्टचा लहान ट्रान्सफॉर्मर पेटीत बंद करून त्याची दुय्यम बाजूच बाहेर काढावी. भार नसताना असे ट्रान्सफॉर्मर लिहिल्यापेक्षा जास्त व्होल्टेज देतात, म्हणून १२ व्होल्टचा घेऊ नये.

डिमरसाठी आम्हाला सर्वांत पसंत पडलेली युक्ती प्रकाशाची आहे. बागेतल्या सौरदिव्याचा छोटा सौरघट घ्यावा, त्याच्या दोन टोकांत १ किलोओहमचा रोध जोडावा आणि तो ऑसिलोस्कोपला लावून दिव्यासमोर धरावा. दिवा आणि साधन यांच्यात फक्त हवा असते. तारेच्या जुन्या बल्बचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा थोडासाच वरखाली होतो, कारण तापलेली तार लगेच निवत नाही. स्वस्तातला एलईडी दिवा लावला तर काही वेळा प्रकाश दर अर्ध्या आवर्तनात जवळजवळ शून्याला टेकतो. डिमर फिरवला की कापलेला तरंग प्रकाशातच दिसू लागतो. यातली कोणतीही गोष्ट पाहायला सेकंदाला १०,००० नमुनेसुद्धा भरपूर होतात. मांडवाच्या मुलाने आपली माळ शाळेत आणावी आणि वर्गाने ती अशी पाहावी.

ज्या शाळेला एकही डबी परवडत नाही तिने संगणकाच्या ध्वनिकार्डापासून आरंभ करावा. ते सेकंदाला ४४,१०० नमुने १६ बिटांत घेते आणि मायक्रोफोन लावला की मिरवणुकीतल्या बेंजोचे सूर तरंगरूपात दाखवते. स्थिर व्होल्टेज मात्र ते दाखवत नाही, आणि त्याच्या मुखात बाहेरचे व्होल्टेज घालणे म्हणजे संगणकाला निरोप देणे.

एकच साधन घ्यायचे असेल तर माध्यमिक शाळेने एक्सपआइज घ्यावे. वेग कमी असला तरी अभ्यासक्रमातले प्रयोग त्यात बसतात, आणि रचना खुली असल्याने बिघडलेला भाग शोधण्याचा प्रयत्न तरी करता येतो. आयटीआयमध्ये किंवा पदविकेला शिकणारा, पिक्सेल पट्ट्या आणि मायक्रोकंट्रोलर हाताळणारा विद्यार्थी असेल तर त्याने हॅनटेक घ्यावा, प्रोबवरची दहापटीची कळ कायम दहावरच ठेवावी, आणि ट्रान्सफॉर्मर नसलेल्या कोणत्याही खोक्यापासून काळा चिमटा दूर ठेवावा.