पाच पाकळ्यांचं चाक

महागड्या स्पोर्ट्स कारला नवी अलॉय चाकं घ्यायची ठरली की माणूस फोटो पाहत बसतो. फोटोतलं चाक थांबलेलं असतं, धुतलेलं असतं आणि त्याच्याखाली रस्ता नसतो. तेच चाक फिरू लागलं, चिखलाने माखलं, जुलैत नालासोपाऱ्याच्या तुंबलेल्या पाण्याखालच्या खड्ड्यात आदळलं की कसं वागेल, ते फोटोत दिसत नाही. म्हणून विकत घ्यायला निघण्याआधी एखादं उत्तम चाक सावकाश वाचून काढावं, या मताचा मी आहे. कविता वाचता आल्याशिवाय कवितासंग्रह विकत घेऊ नये अशी सक्ती कोणी करत नाही. पण या चाकांच्या किमती पाहता इथे ती केली तरी चालेल.

वाचायला मी घेतो ते पोर्शे 911 चं फुक्स चाक. हलक्या धातूची चाकं त्याआधी नव्हती असं नाही. एत्तोरे बुगाती यांच्या टाइप 35 या शर्यतीच्या गाडीला 1924 मध्येच आठ रुंद आऱ्यांची ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं होती आणि ब्रेकचा ड्रमही त्याच चाकात एकजीव ओतलेला होता. पण ओतणं वेगळं आणि घडवणं वेगळं. 911 एस या मॉडेलसाठी 1966 मध्ये माइनर्त्सहागेन या जर्मन गावातल्या ओटो फुक्स कंपनीने चाक केलं ते घडीव. अ‍ॅल्युमिनियमचा तापवलेला ठोकळा प्रचंड दाबाच्या प्रेसखाली दाबून घडवलेलं, अखंड. पोर्शेच्या मॉडेल विभागातल्या हाइनरिश क्ली यांनी त्याचं रूप ठरवलं. पोलादी चाकापेक्षा ते सुमारे 3 किलोने हलकं होतं.

आता रूपाकडे या. पाच रुंद पाकळ्या, मध्ये काळा रंग दिलेली खोलगट जागा, बाहेर चकाकती कडा. जर्मनीत त्याला पंखांचं चाक म्हणतात, पण मला त्यात फूलच दिसतं. पाकळी तुंब्यापाशी अरुंद आहे आणि बाहेर जाताना फुलत जाते. काळ्या रंगामुळे ती मागच्या धातूतून सुटून पुढे आल्यासारखी वाटते. मुळात चाकात पाचच आरे असणं धाडसाचं. बैलगाडीच्या चाकाला बारा-चौदा आरे लागतात, कारण लाकूड एकट्याने भार पेलत नाही, तो वाटून घ्यावा लागतो. घडीव धातूला ही अडचण नाही. हे चाक पाच बोल्टांनी गाडीला बसतं आणि पाच पाकळ्यांनी उभं राहतं. दोन्ही आकडे एकच असल्याने नजरेला कुठे हिशेब चुकल्यासारखं वाटत नाही. पाच बोल्टांच्या तुंब्यावर सात आऱ्यांचं चाक बसवलेली गाडी पाहा, काहीतरी खटकतं आणि काय ते चटकन सांगता येत नाही. खटकतं ते हे.

आणखी जवळ जा. दोन पाकळ्यांमधल्या पोकळीला धारदार कोपरा कुठेच नाही, सगळीकडे गोलाई आहे. ही गोलाई केवळ नजाकतीसाठी नाही. गाडी वळणावर असते तेव्हा रस्ता चाकाला बाजूने ढकलतो, आरा वाकू पाहतो आणि हा ताण जिथे आरा कडेला मिळतो तिथे साचतो. तिथे काटकोन ठेवला तर तडा तिथूनच सुरू होणार. शिवाय प्रेसमध्ये घडवलेली वस्तू साच्यातून सुटायला हवी, म्हणून तिच्या प्रत्येक बाजूला थोडा उतार द्यावाच लागतो. पाकळीचा तो मऊ उतार काही प्रमाणात चित्रकाराचा आहे आणि काही प्रमाणात प्रेसचा. दोघांचं श्रेय वेगळं काढता येत नाही, हेच या चाकातलं मला सर्वांत आवडणारं. हल्ली बाजारात सुरीच्या पात्यासारख्या आऱ्यांची जी चाकं दिसतात, त्यांतली पुष्कळशी फक्त चित्रकाराची असतात.

चाक फिरू लागलं की हे सगळं वाचन बदलतं. आजच्या 911 च्या पुढच्या टायरचा व्यास साधारण 68 सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी 2 मीटरहून थोडी जास्त पुढे जाते. ताशी 100 किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे 13 फेरे घेतं, 65 पाकळ्या डोळ्यासमोरून जातात आणि उरते ती एक राखाडी तबकडी. त्या वेगाला कोणतंही चाक सारखंच. पण ताशी 20 ला सेकंदाला तेराच पाकळ्या जातात, आणि डोळा त्या लुकलुकताना पाहू शकतो. वसई स्टेशन रोडवर, एव्हरशाइनच्या चौकात, नायगावच्या पुलावर संध्याकाळी 911 याच वेगाने चालते, मग मालकाने किती का अश्वशक्ती विकत घेतली असेना. बीबीएसची जाळीदार चाकंही सुंदर असतात. श्वार्त्सवाल्डमधल्या शिल्टाख गावी 1970 मध्ये बाउमगार्टनर आणि ब्रांड या दोघांनी सुरू केलेल्या त्या कंपनीची जाळी थांबलेल्या गाडीवर दागिन्यासारखी शोभते. पण वीस आऱ्यांची जाळी ताशी 20 लाच धूसर होते. शिवाय तिच्यातून ब्रेकची भुकटी आणि वसईचा लाल चिखल बोटाने काढत बसावं लागतं. आपल्या रहदारीसाठी पाच पाकळ्याच बऱ्या.

पण या सुंदर चाकाचं एक गुपित आहे, आणि फोटो पाहणाऱ्यांच्या ते हमखास नजरेतून सुटतं. मूळ फुक्स चाक 15 इंचीच होतं, रुंदी साडेचार इंच. त्यावर 165 मिलिमीटरचा टायर बसायचा आणि त्या टायरची भिंत सुमारे 130 मिलिमीटर उंच होती. म्हणजे चकचकीत फुलाभोवती काळ्या रबराची चांगली जाड चौकट. 911 ची पन्नाशी झाली तेव्हा, 2013 मध्ये, कंपनीने 1963 गाड्यांची खास आवृत्ती काढली आणि तिला फुक्सच्या धर्तीवर 20 इंची चाकं दिली. मी त्यांचे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले आणि प्रत्येक वेळी तेच वाटलं. पाकळी ताणली गेली आहे. मुळात ती आखूड आणि भरदार होती, इथे ती सुकलेल्या पानासारखी लांबली. धातूने टायरची जागा खाल्ली की फुलाला पार्श्वभूमीच उरत नाही.

वसईकराला हा मुद्दा सौंदर्याचा राहत नाही, खर्चाचा होतो. सध्याच्या 911 कॅरेरा एसला पुढे 20 आणि मागे 21 इंची चाकं येतात. टायरचं माप पुढे 245/35, मागे 305/30, म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी आणि तिच्या किती टक्के भिंत. गणित केलं तर पुढच्या टायरची भिंत जेमतेम 86 मिलिमीटर आणि मागची 92 भरते. साध्या कॅरेराला पुढे 19 आणि मागे 20 इंची, माप 235/40 आणि 295/35. इथे भिंत 94 आणि 103. फरक बोटाएवढाही नाही, पण खड्ड्याची कड टायर दाबून रिमला टेकणार की अलीकडेच थांबणार, ते याच फरकावर ठरतं. महामार्ग 48 वर आता काँक्रीटचा थर आला आहे, तिथे 21 इंची चाक सुखाने धावेल. पण महामार्ग सोडून चिंचोटीला किंवा सातिवलीला आत वळलात की डांबराचे आणि पेव्हर ब्लॉकचे थर एकमेकांवर चढलेले, मध्ये गटाराचं झाकण चार बोटं वर. पावसाळ्यात तर सगळं पाण्याखाली. म्हणून एसच्या मालकाने बदली चाकं घेताना एक इंच खाली यावं. टायरचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. मात्र आधी ब्रेकचा कॅलिपर आत मावतो का ते पाहायचं. मोठ्या सिरॅमिक डिस्क असतील तर 19 इंची चाकाची आशा सोडावी.

चाक छोटं करा हा सल्ला दुकानात कोणी देत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून वसई पूर्वेपर्यंत सगळीकडे उलटाच सूर: ‘साहेब, एक साइज मोठं टाका, गाडी भरलेली दिसेल.’ दिसेल खरी. पण चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, प्रत्येक उंचवट्यावर ते वर उडतं आणि परत रस्त्यावर दाबून आणायचं काम शॉकअ‍ॅब्सॉर्बरला करावं लागतं. क्ली यांच्या काळी 3 किलो कमी करण्यासाठी एवढा खटाटोप झाला, आणि आपण एका इंचाच्या हौसेपोटी वजन परत चढवतो.

धातूचंही थोडं वाचावं लागतं. दुकानातली बहुतेक चाकं ओतीव असतात. सुमारे 7 टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम मिसळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात भरून, नंतर उष्णता देऊन कडक केलेलं. शिक्रापूरच्या एन्केईसारख्या कारखान्यांतून निघणारं चांगलं ओतीव चाक रोजच्या गाडीला वर्षानुवर्षं पुरेल. पण जोराचा दणका बसला की ओतीव चाक तडकतं आणि घडीव बहुधा वाकतं. वाकलेलं समजतं, स्टिअरिंग थरथरतं. बारीक तडा मात्र दिसत नाही, हवा रोज थोडी उतरते आणि आपण पंक्चर शोधत राहतो. तडकलेल्या आऱ्याला वेल्डिंग करून देणारे भेटतात. ते करू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा कडक केलेला धातू पुन्हा मऊ पडतो, आणि तो मऊ भाग रंगाखाली लपतो.

रंगाचीही एक गंमत आहे. डायमंड कट चाक दुकानातल्या दिव्यांखाली सर्वांत जास्त चमकतं. लेथवर धातूचा पृष्ठभाग बारीक कापून त्यावर फक्त पारदर्शक लाखेचा थर देतात. एक खडा उडून त्या थराला टवका गेला की खारी हवा आत शिरते आणि लाखेखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरू लागतात. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव इथे गाडी उभी राहणार असेल तर दुसऱ्याच पावसाळ्यात हे दिसू शकतं. पुन्हा कापून घेता येतं, वालीव-गोखिवऱ्याच्या पट्ट्यात लेथवर हात बसलेल्या माणसांची वाण नाही. पण दर कापणीत धातू कमी होतो, आणि हे एक-दोनदाच परवडतं. समुद्राकाठच्या माणसाने सरळ रंगवलेलं चांदी रंगाचं चाक घ्यावं. काळं नको, खरचटलेल्या रेषा त्यावर उठून दिसतात.

राहता राहिली चाकाची पाठ. माझ्या लेखी खरा मजकूर तिथेच असतो, पुढची बाजू हे मुखपृष्ठ. चाक उलटं करून घ्या, दुकानदार कितीही कुरकुरला तरी. आतल्या बाजूला रुंदी आणि व्यास कोरलेला असतो, ईटी या अक्षरांपुढे ऑफसेट असतो, म्हणजे गाडीला टेकणारी सपाटी चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे ते. हा आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा फार कमी असेल तर चाक मडगार्डबाहेर येतं आणि बेअरिंगवर भलताच ताण पडतो. एका चाकाने पेलायचा भारही कोरलेला असतो. तो आसावर येणाऱ्या कमाल वजनाच्या निम्म्याहून कमी नसावा, आणि 911 चं इंजिन मागे असल्याने हा हिशेब मागच्या आसाचा करायचा. भारतात विकल्या जाणाऱ्या अलॉय चाकांना आयएस 16192 हे मानक आहे, त्याचं आयएसआय चिन्ह शोधा. चाकाच्या पाठीवर काहीच कोरलेलं नसेल तर पुढची पाकळी कितीही देखणी असो, परत ठेवून द्या.

बोल्टांचं वर्तुळ हा शेवटचा सापळा. 911 चं 130 मिलिमीटरचं आहे, ते सहसा दुसऱ्या गाडीत मिसळत नाही. पण बीएमडब्ल्यू, मर्सिडीजवाल्यांनी जपावं. त्यांच्या बऱ्याच गाड्यांचं वर्तुळ 112 मिलिमीटरचं, आणि जपानी-कोरियन गाड्यांसाठी केलेली चाकं 114.3 ची. 2.3 मिलिमीटरचा फरक, हाताला कळतही नाही. बोल्ट तिरके का होईना, आत जातात, ‘बसलं की साहेब’ असं ऐकू येतं आणि महामार्गावर तेच बोल्ट सैल होऊ लागतात. तुंब्याच्या भोकाचंही तसंच. भोक मोठं असेल तर मधली रिंग लागते, ती दुकानदार स्वतःहून देत नाही, मागावी लागते.

तर मी घेईन ती अशी: घडीव, पाच आऱ्यांची, पुढे 19 आणि मागे 20 इंची, चांदी रंगाची, आऱ्यांच्या मधून फडक्यासकट हात आत जाईल एवढी मोकळी. किती घ्यायची, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. अशा बहुतेक गाड्यांमध्ये स्टेपनी नसते आणि घडीव चाक मागवल्यावर यायला काही आठवडे जातात. दुकानदार म्हणेल, पाच घ्या. पण पुढचं चाक साडेआठ इंच रुंद आणि मागचं साडेअकरा. पाचवं कोणत्या मापाचं? खड्डा आधी भेटतो पुढच्या चाकाला, वजन पडतं मागच्यावर. खिशाला झेपत असेल तर सहाच घ्यावीत.