चित्र आधी डोळ्याला पटले पाहिजे

गळीत हंगामात करमाळ्याच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीमागची रेडियमची पट्टी एरवी मळकट, करडी दिसते. अंधारात फ्लॅश मारून फोटो काढला, की मोबाइलवर तीच पट्टी लखलखते; शेजारी उभ्या माणसाला त्यातले फारसे काही दिसत नाही. पट्टीतले काचेचे बारीक मणी प्रकाश जिकडून आला तिकडेच परत धाडतात आणि फ्लॅश तर लेन्सला खेटूनच असतो. डोळ्याला एक आणि कॅमेऱ्याला दुसरे दाखवणाऱ्या प्रायोगिक चित्रांचे बरेचसे शास्त्र या पट्टीत आले. बाकीचे असे, की शटर उघडे ठेवले तर कॅमेरा प्रकाश साठवत जातो, डोळा साठवत नाही.

याच साठवणीवर 1949 साली पिकासोने छायाचित्रकार ग्योन मिली यांच्या कॅमेऱ्यासमोर, अंधारात, छोट्या दिव्याने रेषा ओढल्या. समोरच्याला दिसला फिरता दिवा. चित्र उमटले ते फिल्मवर. उलट चित्रकार मेरी कॉर्स यांनी 1968 पासून रस्त्यावरच्या पट्ट्यांत असतात तसलेच मणी कॅनव्हासवर वापरले. पाहणारा चालू लागला की त्यातले पांढरे पट्टे उजळतात, मावळतात. इथे हार होते ती कॅमेऱ्याची. फोटोत एकच क्षण सापडतो.

आपल्याकडेही प्रकाशाची चित्रे जुनी आहेत. कल्याणच्या पटवर्धनांनी 1892 मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ (जादूच्या कंदिलाचा खेळ) उभी केली ती काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांच्या बळावर. चित्रकार नलिनी मलानी यांनी 2012 मध्ये कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात उलट बाजूने रंगवलेली पारदर्शक नळकांडी फिरवून भिंतीभर सावल्या खेळवल्या. आणि सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी तर म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या दिवेवालीच्या चित्रासाठी कसलीच युक्ती केली नाही. साधा जलरंग, पण ज्योतीआड धरलेल्या हाताच्या बोटांना खरोखर उजेड लागलेला वाटतो.

या पंगतीत आजची मोबाइलसाठीची चित्रे बसवली की उणीव कळते. काही निगेटिव्ह रंगांत काढलेली असतात, फोनमध्ये रंग उलटवून पाहायची. काही अतिनील दिव्याखाली उजळणारी, काही अंधारात चमकणारी. मेहनत असते, हातही तयार असतो. पण फोन धरण्याआधी कॅनव्हासवर नुसते डाग आणि धरल्यावर ओळखीचा चेहरा, एवढ्यावरच गाडी थांबते. ‘अरे वा’ म्हणून झाले, की दुसऱ्यांदा पाहायला काही उरत नाही. शिवाय एका फोनचा नाइट मोड रंग वाढवतो, दुसऱ्याचा बदलतो. म्हणजे शेवटचा हात चित्रकाराचा नसून सॉफ्टवेअरचा. चमकणारे फ्लुरोसंट रंग उजेडाने लवकर फिके पडतात, ती गोष्ट वेगळीच.

‘सैराट’ (2016) चित्रपटात दिसल्यापासून करमाळ्याची शहाण्णव पायऱ्यांची बारव पाहायला लोक मोबाइल सरसावून येतात. पडद्यावर ती देखणी दिसते, पण फोन खिशात ठेवला तरी तिचे काही अडत नाही. या चित्रांनाही हीच कसोटी लावावी. प्रदर्शनात आधी फोनशिवाय चित्र दाखवावे, मग फोनने. कोणता दिवा, कोणता कॅमेरा हे शेजारी लिहावे. दोन्ही रूपे एकमेकांत भर घालत असतील तरच याला प्रयोग म्हणावे, नाहीतर ती नजरबंदीच.