कार्लाइलचे दिवंगत विद्यार्थी : स्मरणाची साधने आणि त्यांची भाषा

निवासी शाळांच्या परंपरेत दिवंगत माजी विद्यार्थ्यांचे स्मरण हा एक रूढ विधी असतो. स्मृतिफलक, स्मरणिकेतील चार पाने, नावांची यादी अशा मार्गांनी तो पार पडतो. आपल्याकडील गौरवग्रंथांप्रमाणे येथेही एक गोष्ट गृहीत धरलेली असते : शाळेने विद्यार्थ्याला घडविले आणि त्या घडण्याचा पुरावा म्हणजे त्याचे जीवन. परंतु ज्या शाळेची स्थापनाच मुलाचे मूळचे जीवन पुसून टाकण्यासाठी झाली होती, तिच्या दिवंगतांचे स्मरण कोणी आणि कोणत्या भाषेत करावयाचे, हा प्रश्न या रूढ लेखनप्रकाराची कसोटी पाहणारा आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल (१८७९–१९१८) या संस्थेच्या संदर्भात प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

लष्करी अधिकारी रिचर्ड हेन्री प्रॅट यांनी जुन्या बराकींमध्ये ही शाळा काढली. मुलामधले इंडियनपण मारावे आणि माणूस वाचवावा, हे त्यांचे धोरण त्यांनीच १८९२ मध्ये जाहीरपणे मांडले होते. एकशे चाळीसच्या आसपास जमातींमधील सात हजारांहून अधिक मुले येथे आली. केस कापणे, गणवेश, मातृभाषेस बंदी आणि नवे नाव हा प्रवेशाचा क्रम होता. शाळेच्या आवारात आज लष्करी महाविद्यालय आहे आणि रस्त्यालगत सुमारे १८० मुलांची दफनभूमी आहे. हीसुद्धा मूळची जागा नव्हे. १९२७ मध्ये थडगी उकरून येथे हलविण्यात आली. सैनिकी पद्धतीचे एकसारखे पांढरे दगड, त्यांवर इंग्रजी नाव आणि जमात; काही दगडांवर केवळ ‘अज्ञात’ एवढेच. आजारी मुलांना घरी पाठविण्याचीही रीत होती. ती मुले वाटेत किंवा घरी पोहोचल्यावर मरण पावली, त्यामुळे त्यांची गणना येथे नाही.

दगडापेक्षा शाळेचे दप्तर अधिक बोलके आहे. विद्यार्थ्यांची ही कागदपत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि कार्लाइल गावातीलच डिकिन्सन कॉलेजने २०१३ पासून ती संगणकीय स्वरूपात खुली केली आहेत. प्रत्येक मुलाच्या नावे एक कार्ड आहे. त्यावर आल्याची तारीख, गेल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचे कारण हे रकाने आहेत. ‘मुदत संपली’, ‘पळून गेला’, ‘प्रकृती अस्वास्थ्य’ या नोंदी ज्या रकान्यात येतात, त्याच रकान्यात ‘मृत्यू’ ही नोंदही येते. मरण हे येथे शाळा सोडण्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण आहे. चरित्रलेखनाच्या अभ्यासकाने या रकान्यापाशी थांबायला हवे. निवेदकाची दृष्टी शब्दांइतकीच तक्त्याच्या आखणीतूनही प्रकट होते, याचे इतके उघड उदाहरण क्वचित सापडेल.

शाळा सोडून गेलेल्यांकडे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास एक छापील प्रश्नावली पाठविली जात असे. सध्याचा व्यवसाय काय, स्वतःचे घर आहे का, जमीन, गुरे, पैसा किती, असे तिचे स्वरूप होते. शेवटी, आयुष्याविषयी आणखी काही सांगण्यासारखे असल्यास लिहावे, अशी मुभा होती. म्हणजे जीवनाची व्याख्या आधी मालमत्तेने ठरायची आणि उरलेले सारे त्या शेवटच्या जागेत बसवायचे. माझ्या मते माजी विद्यार्थ्यांच्या बहुतेक स्मरणलेखनाचा हाच गुप्त नमुना असतो. कार्लाइलने तो केवळ छापून पाठविला.

या पार्श्वभूमीवर ल्यूथर स्टँडिंग बेअर यांचे ‘माय पीपल द सू’ (१९२८) हे आत्मकथन वेगळे ठरते. मूळ नाव ओटा क्ते. १८७९ च्या पहिल्याच तुकडीतले हे लाकोटा मूल. फळ्यावर लिहिलेल्या अनाकलनीय खुणांपैकी एका खुणेवर काठी ठेवायला सांगितले गेले आणि ते त्याचे नाव झाले. पूर्वेकडे जाताना आपण मरायलाच निघालो आहोत आणि शूरासारखे मरून वडिलांचा मान राखायचा आहे, अशी त्या मुलाची समजूत होती. या समजुतीमुळे शाळेतील सोबत्यांचे मृत्यू या पुस्तकात अपघात म्हणून येत नाहीत; निवेदकाने ज्याची अपेक्षा केली होती तेच इतरांच्या वाट्याला आलेले असते. पुस्तकाचे संपादन एका गौरवर्णीय गृहस्थाने केले आहे, वाचकवर्गही मुख्यतः तोच गृहीत धरलेला आहे, आणि प्रॅट यांच्याविषयीचा आदर लेखकाने लपविलेला नाही. तरीही दप्तराने रकान्यात टाकलेल्यांना येथे सोबती म्हणून स्थान मिळते. स्मरणग्रंथ म्हणून लिहिलेले नसूनही कार्लाइलच्या मृतांचे स्मरण त्याने अधिक प्रामाणिकपणे केले आहे.

याउलट, सर्वाधिक स्मरण ज्याचे झाले त्या जिम थॉर्पचे उदाहरण. सॅक अँड फॉक्स जमातीचा हा कार्लाइलचा विद्यार्थी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत विजयी झाला. पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून १९१३ मध्ये ती पदके काढून घेतली गेली. १९८२ मध्ये त्याला सहविजेता ठरविण्यात आले आणि एकमेव विजेता म्हणून मान्यता मिळायला २०२२ साल उजाडले. त्याच्या जीवनावर १९५१ मध्ये चित्रपट निघाला, पुढे अनेक चरित्रे लिहिली गेली. परंतु १९५३ मध्ये तो वारला तेव्हा ओक्लाहोमात जमातीच्या रीतीने चाललेले अंत्यविधी मध्येच थांबवून तिसऱ्या पत्नीने देह नेला, आणि जेथे तो कधी राहिला नव्हता अशा पेनसिल्व्हेनियातील एका गावाने १९५४ मध्ये त्याचे नाव धारण करून त्याला आपल्याकडे पुरले. मुलांनी देह परत मागितला. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो दावा अमान्य केला आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्याचे नाकारले. कीर्ती आणि स्मरण या दोन गोष्टी आपण सहज एक मानतो. येथे मात्र कीर्तीनेच देहाचा ताबा घेतला.

अनामिकांच्या बाबतीत अडचण उलट आहे. २०१७ पासून लष्कराने कार्लाइलमधील अवशेष परत देण्यास प्रारंभ केला. २०२१ मध्ये रोझबड सू जमातीच्या नऊ मुलांचे अवशेष त्यांच्या भूमीत नेण्यात आले. पण लष्कराच्या नियमानुसार मागणी जवळच्या नातलगाने करावी लागते. बालवयात मेलेल्याला वंशज कोठून असणार? स्मरणाचा अधिकार रक्ताच्या नात्याला द्यावयाचा की समूहाला, या मुद्द्यावर नेब्रास्कातील विनेबॅगो जमातीला दोन मुलांसाठी २०२४ मध्ये न्यायालयात जावे लागले. हा प्रश्न कायद्याचा आहे तितकाच चरित्रलेखनाचाही आहे. कारण चरित्रनायक व्यक्तीच असावा हा संकेत ज्या समाजाने घडविला, त्याच समाजाने ही शाळाही घडविली होती. अमेरिकेच्या गृहखात्याने २०२४ च्या अहवालात अशा शाळांतील किमान ९७३ मृत्यूंची नोंद केली. आकडा आवश्यक आहे. त्याविना सरकार बोलत नाही. मात्र आकडा हे पुन्हा दप्तराचेच व्याकरण आहे.

नॉर्दर्न अरापाहो जमातीचे लोक २०१७ मध्ये तीन मुलांसाठी कार्लाइलला आले होते. त्यांपैकी लिट्ल प्लूम या मुलाच्या नावाचा दगड काढून खाली खोदले, तेव्हा तेथे दुसऱ्याच कोणाच्या अस्थी निघाल्या. इतर दोघांना घेऊन ते परत गेले. लिट्ल प्लूम पुढच्या वर्षी, दुसऱ्या थडग्यात सापडला.