लाईन गेली!

संध्याकाळी एकाएकी दिवे विझले की आमच्या नांदगाव पेठेत घराघरांतून एकच उद्गार निघतो : “लाईन गेली!” ‘वीज गेली’ म्हणणारा पाहुणा परगावचा, हे ओळखावे.

भाषाशुद्धीच्या संस्कारात वाढलेल्या मला हा शब्द पूर्वी खुपत असे. सावरकरांचे ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ रुजले. फारसीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियनांनीही 1938 साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. मग लाईनीलाच अभय का?

विचाराअंती वाटते, ‘लाईन गेली’ हा प्रयोग निर्दोष आहे. कास्तकाराच्या लेखी वीज आभाळातून पडते. ती घरात येणे हे अशुभच! गावाजवळ 1350 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे खरे, पण आपला संबंध दारापर्यंत आलेल्या तारेशी. ती निर्जीव झाली की लाईन गेली. येथे लोकांनी परका शब्द उसना घेतला नाही, त्याला नवा अर्थ दिला.

तीच गोष्ट इतर अर्थांची. ‘पोरगा कोणत्या लाईनला गेला?’ यात शिक्षण, धंदा आणि नशीब एकत्र येतात. वाया चाललेला मुलगा ‘लाईनीवर येतो’, तेव्हा बापाचा सुटकेचा श्वासही त्या शब्दात ऐकू येतो. पोलीस लाईन म्हणजे वस्ती. आणि कॉलेजच्या फाटकापाशी ‘मारली’ जाणारी लाईन कोणती, ते वडीलधाऱ्यांनी न विचारलेलेच बरे.

माझी तक्रार वेगळीच आहे. कागदावर रेघ, वहीत ओळ, दुकानापुढे रांग, शेतात तास, जेवणात पंगत, असे पाच शब्द आपण पाच ठिकाणी जपले होते. लाईनीने ते सारे गिळले, तर मिळाले काय?

परवा एका लग्नात नातू म्हणाला, “आबाजी, लाईनीत लागा ना!” हातात ताट घेऊन मी उभा राहिलो. त्याचा शब्द चुकला नव्हता. ती लाईनच होती. पंगतीत वाढणारा आग्रह करतो, शेजारचा आपल्यासाठी थांबतो. लाईनीत पुढच्याची पाठ तेवढी दिसते.

परका शब्द आल्याने भाषा बाटत नाही. पण आपला शब्द जातो, तेव्हा त्याच्याबरोबर एखादी रीतही उठून जाते. गेलेली लाईन तासाभराने येते. पंगतीचे तसे नाही.