यंत्रातील नवा आत्मा

रे कर्झवाईल यांच्या ‘द सिंग्युलॅरिटी इज निअर’ (२००५) या ग्रंथानुसार माणूस म्हणजे माहितीची रचना असून ती यंत्रात उतरविल्यास मृत्यू टळेल. वरवर पाहता हे मत अनात्मवादाशी जुळते. परंतु ती रचना चिरंतन टिकावी, हा आग्रह भवतृष्णाच होय. जीर्ण वस्त्रे टाकणाऱ्या आत्म्याला यंत्राचे नवे वस्त्र मिळाले, एवढेच.

आणि ते वस्त्र कोणाच्या मालकीचे? अमेरिकेतील सेकंड साइट कंपनीचे ‘आर्गस-२’ हे यंत्र ३५० हून अधिक अंधांच्या डोळ्यांत बसविले गेले. २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले; पुढे दुरुस्तीही मिळेना. देह स्वतःचा, त्यातील यंत्र मात्र परस्वाधीन! बाबासाहेबांच्या मते धम्म म्हणजे माणसामाणसांतील योग्य संबंध. देहात शिरणाऱ्या यंत्राचीही कसोटी तीच असली पाहिजे.